प्लूटोचे भाऊबंद

आपल्यापैकी जे २००६ सालाच्या आधी शाळेत गेले, त्या सगळ्यांनी नऊ ग्रह पाठ केलेले आहेत. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून आणि सर्वांत शेवटी प्लूटो. मग २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग शहरात खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं मतदान घेतलं आणि प्लूटोला ग्रहांच्या पंगतीतून उठवलं. त्या दिवसांत मी पाहिलं, ज्यांनी आयुष्यात कधी मान वर करून आकाश पाहिलं नव्हतं, तेही हळहळले. बिचारा प्लूटो! एवढासा, एवढा लांब, आणि त्यालाच घराबाहेर काढलं!

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. दुर्बिणीच्या गणिताशी माझा संबंध नाही. पण त्या हळहळीमुळे मी या विषयात शिरलो आणि माझ्या लक्षात आलं, की प्लूटोचा निकाल प्रागमध्ये लागलेलाच नव्हता. तो त्याच्या चौदा वर्षं आधी, ३० ऑगस्ट १९९२ च्या रात्री लागला होता. जागा होती प्रशांत महासागरातलं हवाई बेट, मौना केआ नावाच्या चार हजार दोनशे मीटर उंचीच्या निद्रिस्त ज्वालामुखीचा माथा. माणसं होती दोन : डेव्हिड ज्युईट आणि जेन लू. आज मला त्यांच्या संशोधनाबद्दल बोलायचं आहे. आणि तो निकाल शिक्षेचा होता की आणखी कशाचा, तेही पाहायचं आहे.

आधी थोडं मागे जाऊ. शनीपर्यंतचे ग्रह माणसाला नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. त्यापुढचे तिघे तीन तऱ्हांनी सापडले. युरेनस सापडला अवचित. १३ मार्च १७८१ रोजी विल्यम हर्शल आपल्या घरच्या दुर्बिणीतून तारे न्याहाळत होते आणि त्यांना एक भलताच ठिपका दिसला. त्यांना तो आधी धूमकेतू वाटला. पत्रिका मांडणारे आपल्याकडचे लोक आजही या ग्रहाला ‘हर्षल’ म्हणतात. जगानं ग्रहाला ग्रीक देवाचं नाव दिलं, मराठीनं मात्र शोधणाऱ्याचं नाव जपलं, याची मला मोठी मौज वाटते. नेपच्यून सापडला गणितानं. युरेनसच्या चालीतल्या अडखळण्यावरून ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञानं जागा सांगितली आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये गाले यांनी दुर्बीण तिकडे वळवली. तासाभरातच ग्रह सापडला. आणि प्लूटो सापडला कष्टानं. अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ इथल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ नावाचा कॅन्सासच्या शेतातून आलेला तरुण काचेच्या छायापट्ट्यांच्या जोड्या एकामागून एक तपासत राहिला. १८ फेब्रुवारी १९३० रोजी त्याला एक ठिपका जागचा हललेला दिसला. टॉम्बॉ तेव्हा चोवीस वर्षांचा होता.

पण प्लूटो सापडल्यापासूनच तो पंगतीत शोभेना. बाहेरचे चार ग्रह वायूचे आणि अवाढव्य; हा आपल्या चंद्राहूनही लहान. बाकीचे ग्रह साधारण एका पातळीत फिरतात; याची कक्षा सतरा अंशांनी कललेली. वर ती इतकी लांबट, की १९७९ ते १९९९ अशी वीस वर्षं प्लूटो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. पुस्तकांतून त्याचं वर्णन ठरलेलं असे : विचित्र, विक्षिप्त, अपवाद. आणि त्याच्या पलीकडे? काही नाही. टॉम्बॉ यांनी त्यानंतरही अनेक वर्षं आकाश चाळलं, दुसरं काही मिळालं नाही. नेपच्यूनच्या पलीकडे अनेक लहान गोळे असावेत असं एजवर्थ या आयरिश अभ्यासकानं १९४३ आणि १९४९ साली लिहून ठेवलं होतं. डच-अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कायपर यांनीही १९५१ मध्ये तशा गोळ्यांविषयी लिहिलं. पण लिहिणं वेगळं आणि दाखवणं वेगळं.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर डेव्हिड ज्युईट यांना एक साधा प्रश्न पडला. सूर्यमालेचा आतला भाग ग्रहांनी, लघुग्रहांनी, धूमकेतूंनी गजबजलेला आहे. मग बाहेरचा भाग इतका ओसाड का? तो खरंच ओसाड आहे, की आपल्यालाच दिसत नाही?

हे ज्युईट लंडनमधल्या कामगार कुटुंबातले. आई टेलिफोन ऑपरेटर, वडील कारखान्यात. सात वर्षांचे असताना त्यांनी रात्रीच्या आकाशात उल्का पडताना पाहिली आणि तिथून हे वेड लागलं. पुढे ते अमेरिकेत शिकायला गेले. तिथे विद्यार्थी असतानाच, १६ ऑक्टोबर १९८२ रोजी, परत येणाऱ्या हॅलेच्या धूमकेतूला सर्वांत आधी टिपणाऱ्यांत ते होते. धूमकेतू तेव्हा शनीच्या कक्षेच्याही पलीकडे होता. १९८६ मध्ये तो आपल्याकडे दिसला तेव्हा पहाटे माळावर जाऊन तो पुसट डाग पाहणाऱ्या मुलांत मीही होतो. पण हॅलेचा शोध आणि ज्युईट यांना पडलेला हा नवा प्रश्न यांत मोठा फरक होता. हॅले कुठे असणार, ते गणितानं आधीच सांगितलेलं होतं. ईदच्या चंद्रासारखंच ते. एकोणतिसाव्या संध्याकाळी गच्चीवर एखादा म्हातारा बोट दाखवतो, ‘त्या झावळीच्या वर बघ,’ आणि मग आपल्यालाही ती नखाएवढी कोर दिसते. कुठे पाहायचं ते ठाऊक असलं की दिसणं सोपं होतं. या नव्या शोधात बोट दाखवणारं कोणी नव्हतं. काही आहे की नाही, हेच ठाऊक नव्हतं.

जेन लू यांची कहाणी आणखी वेगळी. त्यांचा जन्म १९६३ चा, व्हिएतनाममधल्या सायगॉन शहरातला. एप्रिल १९७५ मध्ये सायगॉन पडलं तेव्हा अकरा वर्षांची ही मुलगी घरच्यांबरोबर देश सोडून निघाली. अमेरिकेत निर्वासितांच्या छावण्यांत राहून, मग केंटकीतल्या नातेवाइकांकडे, मग कॅलिफोर्नियात. स्टॅनफर्डमधून त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत त्यांनी व्हॉयेजर यानांनी पाठवलेली ग्रहांची छायाचित्रं पाहिली आणि त्यांचा मार्ग ठरला. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्या ज्युईट यांच्या विद्यार्थिनी झाल्या. ज्युईट यांनी हा शोध त्यांच्यापुढे मांडला तेव्हा त्यांनी विचारलं, हे का करायचं? उत्तर मिळालं त्याचा आशय असा, की आपण नाही केलं तर कोणीच करणार नाही. मला हे उत्तर फार आवडतं. त्यात कसलीही फुशारकी नाही, आणि फायद्याचं आमिषही नाही.

१९८७ मध्ये शोध सुरू झाला. पद्धत टॉम्बॉ यांचीच. आकाशाच्या एकाच तुकड्याची काही वेळाच्या अंतरानं छायाचित्रं घ्यायची आणि ती आळीपाळीनं डोळ्यांपुढे आणायची. तारे जागच्या जागी राहतात. जे सूर्यमालेतलं असेल ते सरकतं. ते का सरकतं, याचा प्रयोग आता, हे ऐकता ऐकता, तुम्ही करू शकता. एक बोट नाकासमोर धरा आणि आधी एक डोळा, मग दुसरा मिटा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतं. बोट लांब न्याल तशी उडी लहान होते. आपली पृथ्वी सूर्याभोवती धावते आहे, म्हणजे आपला डोळाच सतत जागा बदलतो आहे. म्हणून जवळचा लघुग्रह भरभर सरकतो आणि लांबची वस्तू अगदी हळू. या दोघांना हवी होती ती सर्वांत हळू सरकणारी वस्तू : तासाला जेमतेम तीन विकला. म्हणजे किती? पौर्णिमेच्या चंद्राच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला या चालीनं जवळजवळ महिना लागेल.

सुरुवातीला काचेच्या छायापट्ट्या होत्या. एक जोडी तपासायला सात-आठ तास लागत. मग प्रकाश टिपणारी इलेक्ट्रॉनिक चकती आली, जिला सीसीडी म्हणतात. आज आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात असते ती तिचीच बहीण. पण तेव्हाची सीसीडी इतकी लहान, की तिच्यात आकाशाचा चिंचोक्याएवढा तुकडा मावे. सगळं अंगण झाडायचं आणि हातात दात घासायचा ब्रश, अशातला प्रकार. १९८८ मध्ये ज्युईट हवाई विद्यापीठात गेले आणि मौना केआवरची सव्वादोन मीटर व्यासाची दुर्बीण हाताशी आली. सीसीडी वर्षागणिक मोठ्या होत गेल्या. पण जे आहे की नाही हेच ठाऊक नाही, त्यासाठी पैसे आणि दुर्बिणीचा वेळ कोण देणार? दुसऱ्या कामांसाठी मिळालेल्या रात्रींतून वेळ काढून हे काम चाले. एक वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली. हाती काही नाही.

या पाच वर्षांपाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. शोधाच्या गोष्टीत आपण शेवटची रात्र ऐकतो. त्याआधीच्या शेकडो रात्री, ज्यांत पडद्यावर काहीच हललं नाही, त्या कोणी सांगत नाही. समुद्रसपाटीपासून सव्वाचार किलोमीटर वर हवा विरळ असते, थंडी असते, डोकं दुखतं. अशा जागी बसून रिकाम्या आकाशाची छायाचित्रं घ्यायची आणि सकाळी वहीत लिहायचं : आज काही नाही. हेही काम आहे. किंबहुना कामाचा मोठा भाग हाच आहे.

मग ती ३० ऑगस्ट १९९२ ची रात्र आली. चार छायाचित्रांची मालिका घ्यायची होती. दोन घेऊन झाली होती. तिसरं घेतलं जात असताना त्यांनी आधीची दोन आलटून पालटून पाहिली आणि एक ठिपका किंचित सरकलेला दिसला. इतका किंचित, की तो नेपच्यूनच्या पलीकडचाच असायला हवा. तिसऱ्या छायाचित्रात तो तितकाच पुढे गेला होता, चौथ्यात आणखी तितकाच. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहून सुमारे साठ लाख पटींनी मंद असा तो ठिपका होता. १४ सप्टेंबरला जगाला बातमी कळली. वस्तूला तात्पुरतं नाव मिळालं ‘१९९२ क्यूबी१’. सूर्यापासून पृथ्वी जितकी लांब, त्याच्या चाळीसपटींहून अधिक लांब असलेला, शंभर-दीडशे किलोमीटर रुंदीचा एक थंडगार गोळा. त्याचं एक वर्ष म्हणजे आपली सुमारे २९० वर्षं.

एकटाच असता तर त्यालाही आपण अपवाद म्हटलं असतं. पण पुढच्याच वर्षी मार्चमध्ये याच दोघांना दुसरा सापडला. मग तिसरा, चौथा. इतरही शोधू लागले. आज नेपच्यूनच्या पलीकडच्या तीन हजारांहून अधिक वस्तू नोंदलेल्या आहेत, आणि न सापडलेल्या कितीतरी अधिक असणार. या पट्ट्याला कायपर पट्टा म्हणतात. जी जागा ओसाड समजली जात होती ती एक मोठी वस्ती निघाली.

आणि श्रोतेहो, इथे गोष्ट पुन्हा प्लूटोकडे वळते. नव्यानं सापडलेल्या गोळ्यांत अनेकांची चाल हुबेहूब प्लूटोसारखी होती. नेपच्यून सूर्याभोवती तीन फेऱ्या मारतो तेवढ्यात हे दोन मारतात. या दोन-तीनच्या ठेक्यामुळे त्यांची आणि नेपच्यूनची कधी टक्कर होत नाही. दिल्लीच्या आयआयटीत शिकलेल्या रेणू मल्होत्रा यांनी १९९३ मध्ये या ठेक्याचं कारण सुचवलं. सूर्यमालेच्या बालपणी नेपच्यून आजच्यापेक्षा सूर्याच्या जवळ होता. तो हळूहळू बाहेर सरकला आणि सरकताना वाटेतल्या लहान गोळ्यांना आपल्या ठेक्यात अडकवून पुढे ढकलत गेला. त्या ढकलण्यातच प्लूटोची कक्षा लांबट झाली. म्हणजे प्लूटो विक्षिप्त नव्हता. एका मोठ्या स्थलांतरात तो आणि त्याच्यासारखे अनेक जण विस्थापित झाले होते. आपण बासष्ट वर्षं त्याला एकट्याला पाहत होतो, म्हणून तो आपल्याला विचित्र वाटत होता.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. त्याचं कारण सांगतो. गेली तीस वर्षं मी मराठीत कविता लिहितो. कवितावाचन संपल्यावर कोणीतरी प्रेमानं जवळ येतं आणि म्हणतं, ‘तुम्ही मुसलमान असून इतकं छान मराठी कसं लिहिता हो?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मीही हसून, ‘आईची भाषा आहे,’ असं सांगतो. पण घरी जाताना वाटत राहतं, की यांनी मला पट्ट्यातला पहिला ठिपका म्हणून पाहिलं. श्रीगोंद्याचे शेख महंमद चारशे वर्षांपूर्वी मराठीत ओव्या लिहून गेले. शाहीर अमर शेख यांच्या आवाजानं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मैदानं पेटून उठली. गावोगावी मराठीतच हिशेब करणारी, भांडणारी, अंगाई म्हणणारी किती घरं आहेत! अपवाद दिसतो तिथे बहुतेक वेळा एक वस्ती असते. फक्त आपली नजर तिथवर पोचलेली नसते.

तर प्लूटोचं काय झालं? २००५ साली मायकेल ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्लूटोच्या बरोबरीचा एरिस सापडला, आणि प्रश्न टाळता येईना. एक तर एरिसलाही ग्रह म्हणा आणि पुढे सापडतील त्यांनाही म्हणा, नाहीतर प्लूटोला त्याच्या माणसांत जाऊ द्या. असं आधीही घडलं होतं. १८०१ च्या पहिल्याच दिवशी सापडलेला सिरीस कित्येक वर्षं ग्रह म्हणून मोजला जाई. त्याचे शेजारी सापडत गेले तसा तो लघुग्रहांत गेला आणि त्याबद्दल आज कोणी हळहळत नाही. म्हणून मला २००६ चा निर्णय शिक्षेचा वाटत नाही. ग्रहांच्या पंगतीत शेवटच्या पाटावर अवघडून बसलेल्या प्लूटोला त्याचे भाऊबंद भेटले, एवढाच त्याचा अर्थ.

१४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स हे यान प्लूटोजवळून गेलं. त्या यानात टॉम्बॉ यांच्या अस्थींचा अंश ठेवलेला होता. प्लूटोवर नायट्रोजनच्या बर्फाचं विस्तीर्ण मैदान दिसलं आणि पाण्याच्या बर्फाचे डोंगर दिसले. पुढे १ जानेवारी २०१९ रोजी तेच यान कायपर पट्ट्यातल्या अरोकोथ नावाच्या छोट्या वस्तूपाशी पोचलं. लांबी साधारण छत्तीस किलोमीटर, आणि आकार दोन गोळे एकमेकांना चिकटल्यासारखा. ते आदळले असते तर फुटले असते. ते इतक्या हळुवारपणे, माणसाच्या चालण्याच्या वेगानं, एकमेकांना टेकले, की साडेचार अब्ज वर्षांनंतरही ती गळाभेट तशीच आहे. ग्रह कसे घडले, याचा पहिला धडा तिथे गोठून राहिला आहे. आपल्या पृथ्वीचीही सुरुवात अशाच लहान लहान भेटींतून झाली असणार.

कवी म्हणून मला नावांचं कुतूहल असतं. ज्युईट आणि लू यांना आपल्या पहिल्या शोधाला ‘स्मायली’ नाव द्यायचं होतं. ल कारे यांच्या कादंबऱ्यांतल्या गुप्तहेराचं. पण त्या नावाचा लघुग्रह आधीच होता. पंचवीसहून अधिक वर्षं तो ‘क्यूबी१’ या बिल्ल्यावरच जगला. २०१८ मध्ये त्याला अधिकृत नाव मिळालं ‘अल्बियन’. हे नाव विल्यम ब्लेक या कवीनं रचलेल्या पुराणकथेतलं.

जेन लू पुढे हार्वर्डमध्ये आणि नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये शिकवून एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत तंत्रज्ञानाच्या कामाकडे वळल्या. २०१२ मध्ये ज्युईट आणि लू यांना शॉ पारितोषिक मिळालं, आणि त्याच वर्षी ब्राउन यांच्यासह कावली पारितोषिकही. त्या रात्रीनंतर तब्बल वीस वर्षांनी.

याचा उपयोग काय, असं कोणी विचारेल. कवितेबद्दलही हा प्रश्न मला विचारतात, त्यामुळे त्याची सवय आहे. माझं उत्तर एवढंच, की एखादी जागा रिकामी आहे असं ठरवून टाकण्याआधी तिथे नीट पाहिलं का, हे विचारायची सवय समाजाला असणं हाच मोठा उपयोग आहे. आता चिलीमधल्या डोंगरावर व्हेरा रुबिन वेधशाळा उभी आहे. २०२५ च्या जूनमध्ये तिची पहिली छायाचित्रं जगानं पाहिली. ज्या कामाला ज्युईट आणि लू यांना वर्षं लागली, ते ही दुर्बीण काही रात्रींत करील, आणि कायपर पट्ट्यातले आणखी हजारो गोळे सापडतील अशी अपेक्षा आहे. त्याही पलीकडे एक मोठा, न दिसलेला ग्रह आहे की नाही, यावर शास्त्रज्ञांत आज वाद चालू आहे. असेल तर सापडेल. नसेल तर वहीत लिहिलं जाईल, आज काही नाही. आणि दुसऱ्या रात्री पुन्हा दुर्बीण उघडली जाईल.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)